ओटीत घातलेले मूल : ‘द रोड’ आणि आपल्या मुलखातले प्रलय

१

प्रलयाची जी कल्पना आपल्या पुराणांनी दिली आहे, तिच्यात सर्व संपल्यानंतर एक मूल उरते. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषींची कथा आहे. सारे जग जलमय झालेले असताना त्यांना वडाच्या फांदीवर पहुडलेले एक बालक दिसते. त्या बालकाच्या मुखातून ते त्याच्या पोटात शिरतात आणि पाहतात तो नष्ट झालेले सगळे जग तेथे जसेच्या तसे शाबूत आहे. जग संपले तरी मुलाच्या पोटात ते शिल्लक राहते, असा या कथेचा दिलासा आहे.

जॉन हिलकोट यांनी दिग्दर्शित केलेला ‘द रोड’ (२००९) हा चित्रपट पाहताना आम्हांला ही कथा वारंवार आठवत होती. कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. येथेही जग संपले आहे आणि एक मूल उरले आहे. मात्र हे मूल दैवी नाही. त्याला भूक लागते, थंडी वाजते, भीती वाटते. त्याच्यासोबत एक बाप आहे, तो खोकून खोकून रक्त टाकतो आहे. दोघे एक ढकलगाडी ओढत राखेने भरलेल्या रस्त्यावरून समुद्राच्या दिशेने चालले आहेत. आकाशात सूर्य दिसत नाही, झाडे उभ्या उभ्या मेली आहेत, आणि उरलेल्या माणसांपैकी अनेक जण माणसेच खाऊ लागले आहेत. हे सारे कशाने घडले, ते चित्रपट सांगत नाही. बापाला नाव नाही, मुलाला नाव नाही.

या चित्रपटाविषयी इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची उजळणी करण्याचा आमचा हेतू नाही. पाटणसारख्या ठिकाणी, कोयनेच्या काठी बसून हा चित्रपट पाहिला की एक निराळा प्रश्न समोर येतो. ‘जगाचा अंत’ ही कल्पना ज्या समाजात भविष्यकाळात मांडली जाते, त्या समाजाची ती कल्पनाशक्ती असते. आपल्या मुलखात मात्र जगाचे अंत भूतकाळात आहेत आणि त्यांना सन आहेत : १६३०, १८७६, १८९७, १९६७. त्या त्या वेळी आईबापांनी आपल्या पोरांचे काय केले? इतिहासाने त्याची काय नोंद ठेवली? आणि ती नोंद वाचून झाल्यावर हा चित्रपट काही वेगळा दिसू लागतो का? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

२

प्रथम चित्रपटाच्या आशयाकडे पाहू. वरवर पाहता ‘द रोड’ ही वात्सल्याची निर्विवाद गाथा आहे. बापाच्या जगण्याचे कारण केवळ मुलगा आहे. त्याच्याजवळच्या पिस्तुलात दोन गोळ्या उरल्या आहेत, आणि त्या कशासाठी आहेत हे प्रेक्षकाला लवकरच कळते. नरभक्षकांच्या हाती सापडण्याची वेळ आली तर मुलाला स्वतःच्या हाताने संपवण्याची त्याची तयारी आहे. प्रेमाची ही टोकाची सीमा विगो मॉर्टेन्सन या नटाने अत्यंत संयमाने दाखवली आहे.

परंतु चित्रपटाचा नैतिक गाभा बापापाशी नाही, मुलापाशी आहे. वाटेत मुलाला आपल्याएवढाच दुसरा एक मुलगा दिसतो आणि त्याला बरोबर घेऊ या, असा त्याचा हट्ट सुरू होतो. बाप नकार देतो. पुढे एक जराजर्जर म्हातारा भेटतो. त्याला जेवू घालण्यासाठी मुलाला बापाशी झगडावे लागते. पुढे एक चोर त्यांचे सामान पळवतो. बाप त्याला गाठून अंगावरचे कपडेही काढून घेतो आणि त्या गोठवणाऱ्या थंडीत नागवा सोडतो. मुलगा रडत राहतो. अखेर ते कपडे परत ठेवायला दोघे माघारी येतात, पण चोर तेथे नसतो. या तिन्ही प्रसंगांत बापाचे प्रेम कुंपणासारखे आहे. ते आतल्याला राखते आणि बाहेरच्याला बाहेर ठेवते. मुलगा मात्र पुन्हा पुन्हा त्या कुंपणापलीकडे हात घालतो.

शेवट सर्वांत महत्त्वाचा आहे. समुद्रकाठी बाप मरतो. मुलगा प्रेतापाशी बसून राहतो आणि मग एक अनोळखी माणूस येतो. त्याच्यासोबत बायको आहे, दोन मुले आहेत, एक कुत्रा आहे. हे कुटुंब बरेच दिवस या दोघांच्या मागावर होते, असे आपल्याला कळते. मागे एकदा तळघराच्या वर कुत्र्याची चाहूल लागली म्हणून बाप घाबरून मुलाला घेऊन निघून गेला होता, ते आता आठवते. म्हणजे ज्यांना भिऊन तो पळत होता, त्यांच्यातच मुलाला सांभाळणारे हात होते. हा शेवट काहींना गोड वाटला, उपरा वाटला. आमच्या मते संपूर्ण चित्रपटाचा अर्थ त्यावर तोललेला आहे. बापाने मुलाला जगवले हे खरे, पण मुलगा पुढे जगणार तो परक्याने पदरात घेतला म्हणून.

याच संदर्भात ‘अग्नी’च्या प्रतीकाचा विचार करावा लागतो. आपण अग्नी घेऊन चाललो आहोत, असे बाप मुलाला सांगत असतो. हा अग्नी छातीत आहे, ज्याचा त्याने वाहून न्यायचा आहे. काडेपेटी घरोघर येण्यापूर्वीच्या आपल्या गावांत चुलीतला निखारा राखेखाली जपून ठेवत, आणि तो विझला तर शेजारच्या घरी विस्तव मागायला जात. दोन घरांचे वैर सांगताना ‘त्यांच्यात विस्तवही जात नाही’ असे आपण आजही म्हणतो. या वाक्प्रचाराने अग्नीची कल्पना निराळ्या ठिकाणी नेऊन ठेवली आहे. अग्नी जपायचा तो घरात, पण तो टिकतो दोन घरांमधल्या वाटेवर. चित्रपटातला बाप या वाटेला भितो. मुलगा तीच शोधतो.

३

आता इतिहासाकडे वळू. १६३० साली पाऊस पडला नाही. गुजरात, खानदेश आणि दख्खन या प्रदेशांत जो दुष्काळ पडला, तो पुढील दोन वर्षांत भीषण झाला. त्याच काळात शहाजहानच्या फौजा दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुराच्या परिसरात होत्या आणि शिल्लक धान्य सैन्याकडे ओढले जात होते. शिवाजी महाराजांचा जन्म याच वर्षातला, हे लक्षात घेतले म्हणजे ते कोणत्या मुलखात वाढले याची कल्पना येते.

या दुष्काळाविषयी दोन परस्परभिन्न साक्षी उपलब्ध आहेत. एक दरबारी आहे. शहाजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने ‘बादशहानामा’त लोक एकमेकांना खाऊ लागल्याचे नमूद केले आहे, आणि बापाला मुलाच्या प्रेमाहून त्याचे मांस प्रिय झाले अशा आशयाचा अलंकारिक निर्देश केला आहे. या वर्णनात घटना किती आणि फारसी गद्यशैलीतली अतिशयोक्ती किती, हे ठरवणे अवघड आहे. परंतु इतिहासाच्या पुस्तकांतून वारंवार उद्धृत होते ते हेच वाक्य. वात्सल्य भुकेपुढे हरते, हा त्याचा निष्कर्ष वाचकाच्या मनावर कोरला जातो.

दुसरी साक्ष पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याची आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा हा नोकर १६३० च्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला होता. वाटेवरची प्रेते, ओसाड गावे, शेणातून दाणे वेचणारी माणसे यांचे त्याने कोरडे, व्यापाऱ्याच्या हिशेबी पद्धतीचे वर्णन केले आहे. आईबाप आपली मुले क्षुल्लक किमतीला विकत होते, हेही त्याने लिहिले आहे, आणि किंमत इंग्रजी पेन्सांत दिली आहे. पण पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो. जो कोणी नेईल त्याला हे लोक आपली मुले फुकट देत होते, वर त्याचे आभार मानत होते. मूल पुन्हा कधी दृष्टीस पडणार नाही याची खात्री असूनही ते जिवंत राहावे, एवढ्यासाठी.

लाहोरीचे वाक्य आणि मंडीची ही नोंद शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्ही विद्यार्थ्यांना सुचवू. दोन्ही साक्षी एकाच आपत्तीच्या आहेत. एका नोंदीत प्रेम मेले आहे. दुसऱ्या नोंदीत प्रेमाने असे रूप घेतले आहे की ते बाहेरून पाहणाऱ्याला विक्रीसारखे दिसावे. मंडीने ‘विकणे’ आणि ‘देणे’ यांत फरक केला, म्हणून आपल्याला तो कळतो. ज्यांनी फरक केला नाही, त्यांच्या कागदांत अशा किती आया ‘मुले विकणाऱ्या’ म्हणून गोठून राहिल्या असतील?

मराठी भाषेने या पेचाला एक शब्द दिला आहे : पोट. भूक लागते ती पोटाला आणि मूल असते तेही पोटचे. ‘पोटासाठी’ घर सोडणारा माणूस आणि ‘पोटच्या पोराला’ उराशी धरणारी आई यांच्या बोलण्यात एकच शब्द दोन दिशांना ओढला जातो. दुष्काळ म्हणजे या शब्दाच्या दोन अर्थांमधले युद्ध. ‘ओटीत घालणे’ हा वाक्प्रचारही येथे आठवावा. दत्तक देताना मूल दुसरीच्या ओटीत घालतात. देणाऱ्या आईने हात मोकळे करायचे आणि घेणारीने पदर पसरायचा, अशा दोन क्रिया त्यात आहेत. मंडीच्या वर्णनात पहिली क्रिया आहे. दुसऱ्या क्रियेविषयी, म्हणजे ती मुले कोणी नेली आणि त्यांचे पुढे काय झाले याविषयी, कागद मुके आहेत.

हा दुष्काळ आतून भोगलेल्या माणसाचा आवाजही मराठीजवळ आहे. देहूच्या तुकोबांची पहिली पत्नी या दुष्काळात अन्नावाचून गेली आणि परंपरेनुसार त्यांचा मुलगा संतू हाही त्याच काळात गेला. तुकोबांनी स्वतः या आपत्तीचा उल्लेख आत्मचरित्रपर अभंगांत केला आहे. त्यांच्या विठ्ठलाला ‘माउली’ म्हणण्यामागे वारकरी परंपरा आहे हे खरेच. परंतु ज्या बापाने दुष्काळात मूल गमावले, त्याने देवाकडे लेकराच्या नात्याने जावे, यात आम्हांला केवळ परंपरेचे अनुसरण दिसत नाही. आईबाप असण्याचे अपयश पदरी आलेला माणूस पुन्हा कोणाचे तरी मूल होऊ पाहतो, असेही त्या अभंगांचे एक वाचन होऊ शकते.

आमच्या तालुक्यातल्या चाफळला समर्थ रामदासांनी १६४८ च्या सुमारास राममंदिर उभारले. त्यांच्या ‘अस्मानी सुलतानी’ या प्रकरणाच्या शीर्षकाने मराठीला आपत्तीचे एक वर्गीकरणच दिले : आकाशातून कोसळणारी आणि सत्तेकडून लादली जाणारी. १६३० मध्ये पाऊस नव्हता आणि फौजा होत्या, म्हणजे दोन्ही एकत्र होत्या. ‘द रोड’मधली आपत्ती यांपैकी कोणती, हे मॅकार्थी सांगत नाहीत. त्यामुळे त्यांच्या बापाला कोणाकडे दाद मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्याकडच्या आपत्तीत मात्र तो नेहमी उद्भवतो.

४

एकोणिसाव्या शतकात ओटीत घालण्याच्या दुसऱ्या क्रियेचा, म्हणजे ‘घेणाऱ्या हाताचा’ इतिहास लिखित स्वरूपात दिसू लागतो. त्याची एक सुरुवात दुष्काळात नाही, समाजनिर्मित आपत्तीत आहे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेच्या पोटी आलेले मूल म्हणजे मृत्यूची शिक्षा, अशी तेव्हाची परिस्थिती होती. येथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे आणि मूल ठेवून जावे, अशी सोय त्यांनी केली. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत हा येथलाच. १८७४ मध्ये फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतले. ज्या ओटीविषयी आपण बोलत आहोत, ती जातीच्या कुंपणाच्या पलीकडे पसरलेली होती.

पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. मुंबई इलाख्यात सातारा, पुणे, नगर, सोलापूर, कलादगी हे जिल्हे त्याच्या तडाख्यात होते. सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्या मजुराला सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दिवसाला सुमारे पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे मिळतील एवढी मजुरी ठरवण्यात आली. ती इतकी अपुरी होती की १८७७ च्या आरंभी मजुरांनी कामावर जाणे नाकारले आणि पुणे सार्वजनिक सभेने तो प्रश्न उचलला. त्याच वर्षी सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दुष्काळाची भीषणता आणि सत्यशोधकांचे मदतकार्य यांची हकीकत त्यात आहे. ते जसे पत्नीने पतीला लिहिलेले पत्र आहे, तसेच आपत्तीच्या जागेवरून आलेले एका कार्यकर्तीचे निवेदनही आहे. आपल्याकडच्या गद्यवाङ्मयात त्याचा विचार अधिक व्हायला हवा.

मूल घेणारा हात निरपेक्ष असतोच असे नाही, हेही नोंदवले पाहिजे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनाचा विस्तार झाला. त्या मुली जगल्या, शिकल्या. त्यांच्या धर्मांतरावरून जो गदारोळ झाला, तो सर्वश्रुत आहे. मूल जगवणाऱ्याला त्याला आपल्यासारखे करण्याचा हक्क मिळतो का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता. मात्र विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या मुलींसाठी आपल्या घरचा पदर पसरला, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे.

याच सुमारास प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात घरझडत्या सुरू झाल्या, रुग्णांना कुटुंबापासून तोडून इस्पितळात आणि निरोग्यांना विलगीकरण छावणीत नेऊ लागले. आजारी मूल सरकारी माणसांच्या दृष्टीस पडू नये म्हणून आईबाप ते लपवू लागले. रँडच्या कारकिर्दीचा आणि २२ जून १८९७ च्या हत्येचा इतिहास आपण राजकीय इतिहास म्हणून शिकवतो. त्याला घराच्या आतली ही बाजूही आहे. मूल कोणाच्या हाती द्यावे आणि कोणाच्या हाती देऊ नये, याचा निर्णय त्या दिवसांत प्रत्येक उंबऱ्यावर होत होता. ‘द रोड’मधल्या बापाची प्रत्येक अनोळखी माणसाविषयीची धास्ती येथे कल्पित राहत नाही.

या पार्श्वभूमीवर सावित्रीबाईंचे शेवटचे दिवस पाहावेत. जन्माने त्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. जोतीरावांचे १८९० मध्ये निधन झाले होते. यशवंत डॉक्टर होऊन लष्करात नोकरीला होते. त्यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. पुढे १९०५ मध्ये डॉ. यशवंत यांनाही प्लेगनेच नेले.

या घटनेचे आपण इतके गौरवीकरण केले आहे की तिच्यातली साधी गोष्ट नजरेआड होते. एका विधवेने जन्म देऊन सोपवलेले मूल सावित्रीबाईंनी वाढवले, ते मूल डॉक्टर झाले, आणि त्या डॉक्टरच्या दवाखान्यात सावित्रीबाईंनी तिसऱ्याच घरचे मूल पाठीवरून आणले. ‘पोटचे’ या शब्दाची येथे कोठेच गरज पडलेली नाही. चित्रपटातला मुलगा बापाकडे ज्या गोष्टीचा हट्ट धरतो आणि बाप जी भीतीपोटी नाकारतो, ती येथे १८९७ मध्ये प्रत्यक्ष घडलेली आहे, आणि त्या भीतीला पुरेपूर आधार असतानाही घडलेली आहे.

५

पाटण तालुक्याचा स्वतःचा प्रलय मात्र निराळ्या जातीचा आहे. कोयना धरणाचे काम १९५४ मध्ये सुरू झाले. पुढच्या दशकात शिवसागर जलाशय भरू लागला आणि खोऱ्यातली शंभराच्या घरातली गावे पाण्याखाली किंवा पाण्याच्या काठावर निराधार झाली. माणसे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, ठाणे, रायगड अशा जिल्ह्यांत विखुरली. गावाबरोबर देवळे, थडगी, बांध आणि सोयरिकीही बुडाल्या. महाराष्ट्राला वीज मिळाली, हेही खरे आहे.

जलाशय भरू लागल्यापासून जमीन हादरू लागली होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी, ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. कोयनानगर जवळजवळ जमीनदोस्त झाले. सुमारे पावणेदोनशे ते दोनशे माणसे मृत्युमुखी पडली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. हादरा मुंबई, पुणे, गोव्यापर्यंत जाणवला आणि कोयनेच्या विजेवर चालणाऱ्या मुंबईचे व्यवहार विस्कळीत झाले. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे जगातले सर्वांत अभ्यासलेले ठिकाण म्हणून आता कोयनेचे नाव घेतात. कराडला भूगर्भ संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली आहे आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खणून जमिनीच्या पोटात काय चालले आहे ते पाहिले जाते.

भूकंपाविषयी लिहिलेले कागद विपुल आहेत. त्यांत तीव्रता आहे, भेगांची लांबी आहे, धरणाच्या भिंतीची तपासणी आहे. त्या पहाटे अंधारात ढिगाऱ्यावर उभे राहून कोणी कोणाच्या नावाने हाका मारल्या, हे मात्र त्यांत नाही. तालुक्यातल्या सत्तरीच्या आसपासच्या कोणत्याही माणसाला विचारा, त्या रात्री तो कोठे आणि कोणाच्या कुशीत झोपला होता ते तो सांगेल. हा इतिहास तोंडी आहे आणि तो सांगणारी पिढी आता ओसरते आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी क्षेत्रीय अभ्यास म्हणून लोकगीते आणि म्हणी पुष्कळ गोळा केल्या. ही निवेदने गोळा करणे त्याहून निकडीचे आहे, असे आम्हांला वाटते.

विस्थापनाचाही एक वारसा असतो. कोयना प्रकल्पग्रस्तांनी २०१८ मध्ये डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला दीर्घ ठिय्या आंदोलन केले, तेव्हा धरण होऊन अर्धशतक उलटले होते. ज्यांची जमीन गेली त्यांतले अनेक जण हयात नव्हते. बसली होती ती मुले आणि नातवंडे. चित्रपटातला बाप मुलाला अग्नी देतो. येथल्या बापांनी मुलांना संकलन रजिस्टरातली एक नोंद आणि न फिटलेला दावा दिला. त्यातले प्रेम कमी प्रतीचे आहे असे कोण म्हणेल?

आणि आपत्ती थांबलेल्या नाहीत. जुलै २०२१ मधल्या अतिवृष्टीत याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे डोंगर घरांवर उतरले. पुन्हा रात्र होती, पुन्हा घरे झोपलेली होती.

६

‘द रोड’ चित्रित करण्यासाठी हिलकोट यांनी शक्यतो खोटी उजाडी उभारली नाही. पेनसिल्व्हेनियातला वापरातून गेलेला महामार्ग, कतरिना वादळाने उद्ध्वस्त केलेला न्यू ऑर्लीन्सचा परिसर, सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा उतार, अशा ठिकाणी जाऊन त्यांनी छायाचित्रण केले. ज्याला आपण कल्पित प्रलय समजून पाहतो, त्याच्या चौकटीत खरे प्रलय आधीच घडून गेलेले आहेत. चित्रपटाची गंभीरता आम्हांला या तपशिलात फार जाणवली. कोणाचे तरी जग संपलेले असतेच. आपण ते परक्याचे म्हणून पाहत असतो.

आपल्या इतिहासातल्या नोंदी वाचल्यावर या चित्रपटाकडे पाहिले तर बापाची शोकांतिका अधिक स्पष्ट होते. मुलाला धरून ठेवण्यात तो कोठेही कमी पडत नाही. सोडण्याची वेळ येते तेव्हा ते कोणाच्या ओटीत घालावे, हे मात्र त्याला माहीत नसते, कारण घेणारे हात असू शकतात यावर त्याचा विश्वास उरलेला नसतो. १६३० च्या अनाम आईबापांजवळ दुसरे काहीच नव्हते, पण तो विश्वास होता, किंवा विश्वासावाचून दुसरा उपाय नव्हता. त्यांच्या मुलांचे काय झाले ते आपल्याला कळत नाही. पांडुरंग गायकवाड वाचला, ते कळते.

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. करोनाच्या साथीत, १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा लागू झालेला असताना, दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये पाच लाख रुपयांची ठेव जाहीर केली. ठेवीने मूल शिकेल, पण ते रात्री कोणाजवळ झोपेल, हे ठेवीला ठरवता येत नाही. त्यासाठी कोणाचे तरी घर लागते. निराधार मुलाला संस्थेऐवजी कुटुंबात वाढता यावे म्हणून सांभाळणाऱ्याला मासिक साहाय्य देणारी शासनाची बालसंगोपन योजना आहे. तिला आता सावित्रीबाई फुले यांचे नाव दिलेले आहे. शासकीय योजनांना थोरांची नावे देण्याची आपल्याकडे रीत आहे आणि बहुधा त्या नावाचा योजनेशी संबंध नसतो. येथे तो आहे.

वर्गात ‘द रोड’ दाखवावा की नाही, यावर आमच्यात मतभेद आहेत. त्यातली काही दृश्ये सहन होण्यापलीकडची आहेत. दाखवलाच तर त्यासोबत पीटर मंडीची ती नोंद आणि ओतूरचे पत्र वाचून घ्यावे, एवढ्यावर मात्र आमचे एकमत झाले आहे. आणि विद्यार्थ्यांना घरी जाऊन आजीला किंवा आजोबांना एक प्रश्न विचारायला सांगावे : सदुसष्ट साली, भिंत पडली त्या पहाटे, तुम्हांला कोणी उचलून बाहेर आणले?